दीडशे मर्सिडीज आणि त्यांचे पुढचे मालक

जुन्या आलिशान गाड्यांचा बाजार एखाद्या गावात उभा राहायचा, तर आधी तिथे नव्या आलिशान गाड्या पुरेशा संख्येने याव्या लागतात आणि त्या घेणाऱ्यांना चार-पाच वर्षांत गाडी बदलण्याची ऐपत व हौस असावी लागते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, हा योग एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जुळून आला. त्याआधीचा सगळा इतिहास तुटवड्याचा आहे.

१९४८ पर्यंत हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मोटार ही तेव्हा जहागीरदार, बडे अधिकारी आणि मोजके व्यापारी यांच्यापुरतीच होती. स्वातंत्र्यानंतर परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक निर्बंध आले आणि देशभर अँबेसेडर, फियाट (पुढची प्रीमियर पद्मिनी) आणि स्टँडर्ड एवढीच निवड उरली. परदेशी गाडी हवीच असेल, तर वकिलातींनी वापरून सोडलेल्या गाड्यांची स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत होणारी विक्री हा एक मार्ग होता. त्या काळात आलिशान गाडी बहुतेक वेळा जुनीच मिळे आणि जुनी म्हणून स्वस्त मिळत नसे. नवी फियाटसुद्धा नंबर लावून वर्षानुवर्षे मिळत नसल्यामुळे हातात असलेली गाडी ‘ऑन’, म्हणजे मूळ किमतीवर जादा रक्कम, घेऊन विकली जाई. वापरलेल्या वस्तूची किंमत उतरते हा साधा नियम मोटारीला लागू व्हायला उदारीकरण यावे लागले.

दरम्यान शहराची आर्थिक घडण बदलत होती. रेल्वे स्टेशनजवळच्या आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींपाठोपाठ वाळूज उभे राहिले. तिथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या उद्योगांची रांग लागली. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या पुढे देशभर पसरलेल्या कंपन्यांची मुळे इथलीच. शेड भाड्याने घेऊन दोन-चार यंत्रांवर सुरुवात केलेल्या उद्योजकांची एक पिढी या काळात सधन झाली. दुचाकीचे भाग बनवणारे हे हात पुढे मोटारीचे गिऱ्हाईक झाले, हे ओघानेच आले.

मर्सिडीज-बेंझने १९९५ मध्ये पुण्यात ई-क्लासची जुळणी सुरू केली. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना आला आणि ऑक्टाव्हिया तिथून बाहेर पडू लागली. मागून सुपर्ब आली, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ऑडीच्या गाड्यांची जुळणीही याच आवारात होऊ लागली. जर्मन बनावटीच्या आलिशान गाड्या शहराच्या वेशीवर जोडल्या जात होत्या, आणि मर्सिडीज घ्यायला मात्र पुण्या-मुंबईकडे पाहावे लागत होते.

या पार्श्वभूमीवर ऑक्टोबर २०१० मधला तो गाजलेला सौदा झाला. उद्योजक, बांधकाम व्यावसायिक, डॉक्टर अशा मंडळींनी गट करून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. एकूण व्यवहार सुमारे ६५ कोटींचा, म्हणजे गाडीमागे सरासरी ४३ लाखांच्या आसपास. त्यामागे घाऊक खरेदीत मिळणारी सवलत होतीच. पण गुंतवणूकदारांच्या नकाशावर शहराचे नाव ठळक व्हावे, ही इच्छा आयोजकांनी उघडपणे बोलून दाखवली होती. गाड्यांच्या निमित्ताने केलेली ही शहराची जाहिरात होती, आणि जाहिरात म्हणून ती यशस्वी झाली. परदेशी वृत्तपत्रांनीही दखल घेतली. जानेवारी २०११ मध्ये तशाच रीतीने १०१ बीएमडब्ल्यूंची खरेदी झाली.

या सौद्याला दुसरी बाजूही होती. स्टेट बँक ऑफ इंडियाने या गाड्यांसाठी ४० कोटींहून अधिक कर्ज सुमारे ७ टक्के व्याजाने दिले. पत्रकार पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१० मध्ये ‘द हिंदू’तील लेखात त्यावर बोट ठेवले: त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणाऱ्या शेतकऱ्याला १२ टक्के आणि त्याहून चढा दर पडत होता. मर्सिडीजच्या कौतुकाबरोबर ही तुलनाही शहराला कायमची चिकटली, आणि ती चिकटावी अशीच होती.

नवी गाडी मिरवून झाली की तिचा हिशेब सुरू होतो. विमा कंपन्या गाडीचे विमामूल्य ठरवताना ज्या तक्त्याचा आधार घेत आल्या आहेत, त्यात सहा महिन्यांनंतर वर्ष पूर्ण होईपर्यंत १५ टक्के, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५० टक्के घसारा धरला जातो. त्यापुढची किंमत कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची. या मापाने २०१० ची ४३ लाखांची सरासरी गाडी २०१५ च्या उंबरठ्यावर साडेएकवीस लाखांची झाली. प्रत्यक्ष बाजार मॉडेलप्रमाणे वर-खाली होतो, आणि बड्या आलिशान गाड्यांच्या बाबतीत बहुधा खालीच. कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीला आयकरात दरवर्षी शिल्लक मूल्याच्या १५ टक्के घसारा मिळतो. पाच वर्षांनी वहीत जेमतेम ४४ टक्के मूल्य उरते. वॉरंटी संपलेली, वहीतले मूल्य अर्ध्यावर आलेले, आणि शेजाऱ्याकडे नवे मॉडेल आलेले, अशा वेळी पहिला मालक गाडी सोडतो. तेव्हा नव्या ऑक्टाव्हियाच्या पैशात जुनी ई-क्लास मिळू लागे, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मोह तिथून सुरू होई.

मोह स्वाभाविक असला तरी त्यात एक मोठी फसगत दडलेली असते. गाडीची किंमत अर्धी होते. तिचे सुटे भाग, टायर आणि सर्व्हिसिंग यांचे दर नव्या गाडीचेच राहतात. वीस लाखांत घेतलेल्या गाडीला चाळीस लाखांच्या गाडीचा खर्च लागतो आणि तोही नेमका भाग झिजण्याच्या वयात. हवेवर चालणारे सस्पेन्शन हे त्याचे नेहमीचे उदाहरण. त्यातल्या रबरी पिशव्यांना वयोमानाने चिरा जातात, हवा गळते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर अखंड चालतो आणि शेवटी तोही जातो. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर जाणकार मेकॅनिक पुढचे काही न पाहता किंमत पाडून मागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा भाग हेही असेच एक मोठ्या खर्चाचे ठिकाण.

विमा इथे अर्धाच कामी येतो. अपघाताच्या दाव्यात रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कपात होते. ती टाळणारे झीरो-डेप संरक्षण बहुतेक कंपन्या ठरावीक वयापर्यंतच्या गाडीलाच देतात. झीज आणि आपोआप होणारा बिघाड तर कोणत्याही साध्या पॉलिसीत बसत नाही. पहिल्या मालकाचा नो-क्लेम बोनसही गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

औरंगाबादकरांना यात अंतराची भर पडे. पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर, मुंबई सव्वातीनशेच्या. शहरात कुशल हातांची वाण कधीच नव्हती, पण संगणकाला जोडून दोष शोधणारी कंपनीची यंत्रणा आणि अस्सल भाग हे वेगळे प्रकरण. म्हणून या शहरात जुनी स्कोडा घेणे आणि जुनी मर्सिडीज घेणे हे दोन निरनिराळ्या तोलाचे निर्णय राहिले.

शेंद्र्याच्या गाड्यांच्या इतिहासात २०१५ हे वर्ष विसरता येत नाही. डिझेल इंजिनांच्या उत्सर्जन-चाचणीत फसवणूक करणारी प्रणाली उघड झाल्यावर फोक्सवॅगन समूहाने डिसेंबर २०१५ मध्ये भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. त्यांत स्कोडा आणि ऑडीही होत्या. त्या काळातली ईए-१८९ इंजिनाची डिझेल गाडी घेताना ती दुरुस्ती झाली की नाही, हे चासी नंबरवरून विचारून घेणे आजही शहाणपणाचे.

त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. दिल्लीच्या मोठ्या डिझेल गाड्या कमी भावात इतर राज्यांकडे वळल्या. ‘दिल्ली पासिंग’ गाडीचा भाव ऐकून भुलणाऱ्याने पुढचे गणितही मांडायला हवे: मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे नमुना २८, आणि गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर महाराष्ट्रात नवी नोंदणी व कर. एमएच-२० क्रमांकाची, एका हाताची, इथेच वाढलेली गाडी म्हणूनच महाग असते आणि तरी बहुधा परवडते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी भांडणे त्यातूनच निघतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते, नमुना २९ आणि ३० भरून. २०१० च्या गाड्यांसारखी कर्जाची गाडी असेल, तर बँकेचा बोजा नमुना ३५ ने उतरवावा लागतो. सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटाच्या खणात पडून राहण्याची जुनी रीत यातूनच निपजली: गाडी तिसऱ्याच्या दारात आणि आरसी पहिल्याच्या नावावर. तिला लगाम घालण्यासाठी १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे आणि गाडी ताब्यात आल्याची सूचना देणे बंधनकारक झाले.

करांनीही भाव हलवले. जानेवारी २०१८ पासून मोठ्या जुन्या गाड्यांवर विक्रेत्याच्या नफ्यापुरताच १८ टक्के जीएसटी लागू लागला. दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहाराला तो लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी मोठ्या नव्या गाड्यांवरचा उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला. नवी गाडी उतरली की जुनीचा भाव तिच्या मागोमाग उतरतो, आणि आदल्या महिन्यात जुनी घेतलेल्याला त्याचा चटका बसतो.

डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी खुला झाला, जून २०२५ मध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पोहोचला, आणि संभाजीनगरला जड, वेगवान गाडीचे खरे सुख देणारा रस्ता दाराशी आला. सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना जुन्या टायरची परीक्षा होते. टायरच्या बाजूवर छापलेले चार अंकी आठवडा-वर्ष पाहणे हे मीटरवरचे किलोमीटर पाहण्याइतकेच गरजेचे झाले. मीटर मागे फिरवता येते, तो आकडा फिरवता येत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ऑक्टोबर २०१० च्या त्या दीडशे गाड्यांपैकी ज्या अजून रस्त्यावर आहेत, त्यांची मुदत २०२५ च्या अखेरीस संपली. पुढे चालवायची तर योग्यता तपासणी करून पाच वर्षांसाठी नूतनीकरण. एप्रिल २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे त्याचे शुल्क पंधरा ते वीस वर्षे वयाच्या देशी जुळणीच्या मोटारीला ५,००० रुपये आणि आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये. एवढ्या जुन्या मर्सिडीजचा सौदा करताना ती पुण्याच्या कारखान्यात जोडलेली आहे की तयार स्वरूपात बाहेरून आलेली, हे आरसीवर आधी वाचावे लागते.