किरकोळ विक्री कंपन्यांच्या समभागांचे मूल्यमापन

किराणा, कपडे, गृहोपयोगी वस्तू थेट ग्राहकाला विकणाऱ्या कंपनीच्या समभागाची रास्त किंमत अजमावण्याची पद्धत. एकूण विक्रीच्या वाढीवर विसंबू नये. नवी दुकाने उघडली की ती वाढतेच. खरी कसोटी जुन्या दुकानांची : त्यांतील विक्रीची वाढ, दर चौरस फुटामागील विक्री आणि मालसाठा वर्षातून किती वेळा फिरतो.

‘डीमार्ट’ दुकाने चालवणारी अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स हे अभ्यासण्याजोगे उदाहरण. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये मुंबईत पवई येथे पहिले दुकान काढले. जागा शक्यतो विकत घ्यायची, पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून सवलत मिळवायची आणि माल स्वस्त विकायचा, हे कंपनीचे गणित. भाड्याचा बोजा हलका असल्याने थोड्या नफ्यावरही धंदा तग धरतो. मात्र जागेत भांडवल अडकते, विस्तार संथ होतो. मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला समभाग शेअर बाजारातील नोंदणीच्या दिवशी सहाशेच्या घरात उघडला. पुढे किंमत-मिळकत गुणोत्तर (समभागाची किंमत भागिले दर समभागामागील वार्षिक नफा) अनेकदा शंभरावर गेले. कंपनी उत्तम असली, तरी अशा भावात पुढील कित्येक वर्षांच्या वाढीचे मोल आधीच चुकवावे लागते.

ताळेबंदातील कर्जही तितकेच महत्त्वाचे. ‘बिग बझार’ चालवणारी फ्यूचर रिटेल कर्जाखाली दबली, दुकानांचे भाडे थकले आणि २०२२ मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली.