‘नाइस’चं कुळ

‘नाइस’ म्हणजे छान, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण चौदाव्या शतकातल्या इंग्रजाला कुणी नाइस म्हटलं असतं, तर तो चिडला असता. तेव्हा या शब्दाचा अर्थ होता मूर्ख.

कुळ लॅटिन. ‘ने’ म्हणजे नाही, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. त्यांतून झाला ‘नेस्किउस’, म्हणजे अज्ञ. गंमत अशी की ‘सायन्स’ही याच ‘स्कीरे’चं अपत्य! नेस्किउस जुन्या फ्रेंचमध्ये झिजला आणि तिथून इंग्रजीत आला. चॉसरच्या लेखनात तो खुळा, मूर्ख याच अर्थाने भेटतो. त्याचा स्पॅनिश भाऊबंद ‘नेसिओ’ तर आजही मूर्खच आहे.

इंग्रजीत मात्र या शब्दाने बरीच वळणं घेतली. खुळेपणावरून तो छचोरपणाकडे गेला, मग नखऱ्याकडे आणि लाजरेपणाकडे, पुढे चोखंदळपणाकडे. ताटातल्या प्रत्येक पदार्थाला नाक मुरडणारा माणूस नाइस ठरू लागला. नशीब पालटलं ते इथे. असा माणूस घरच्यांना नकोसा होतो खरा, पण बारीक फरक त्यालाच दिसतो. सोळाव्या शतकात नाइसला ‘सूक्ष्म’, ‘काटेकोर’ हे अर्थ आले.

जुने अर्थ लगेच गेले नाहीत. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये फ्रायर लॉरेन्स एक पत्र नाइस नव्हतं म्हणतो, म्हणजे ते क्षुल्लक नव्हतं. १८१५ मध्ये वॉटर्लू जिंकल्यावर वेलिंग्टनने त्या लढाईला नाइस म्हटलं, कारण ती थोडक्यात निभावली होती.

‘छान’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला आणि बाकीच्यांना पुरून उरला. जेन ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या डिसेंबरात निघालेल्या ‘नॉर्थँगर ॲबी’त कॅथरीन एका कादंबरीला नाइस म्हणते, तेव्हा हेन्री टिल्नी तिची फिरकी घेतो: म्हणजे बांधणी नीटनेटकी आहे वाटतं! हवा, फेरफटका, मुली, सगळ्यांना हाच एक शब्द, ही त्याची तक्रार.

टिल्नीची तक्रार आज कुणी मनावर घेत नाही. चहा, साडी, भाषण, नवा जावई, सगळं नाइस. एके काळी बारीक फरक टिपणारा शब्द आता फरक सांगायचं टाळायला कामी येतो. इंग्रजी कायद्याच्या लेखनात मात्र सूक्ष्म भेदाला अजून ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणतात, आणि तिथे त्याचा छानपणाशी काडीचाही संबंध नसतो.