आम्हीच सरकार

आमचं आसगाव पवनी तालुक्यातलं. पवनीची वैनगंगा पुढे गडचिरोलीत जाते. त्या जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा-लेखा नावाचं छोटंसं गोंड गाव आहे. त्यांची घोषणा: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.'

नुसती घोषणा नाही बरं का! तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा पास वनखात्याच्या हातात! २७ एप्रिल २०११ ला पासबुक ग्रामसभेकडे आलं, तेव्हा कुठे तो हक्क खरा झाला.

आसगावात अशी कुठली सही आपल्याकडे यायला हवी, हे आता मला गावी विचारायचंय.