शापवाणीने उघडलेली लिपी

प्रवरेच्या काठी राहणाऱ्या आपणा मंडळींना दायमाबादचे नाव अपरिचित नाही. आपल्याच श्रीरामपूर तालुक्यातील या पांढरीचा शोध १९५८ साली लागला. पुढे १९७५ ते १९७९ या काळात सा. अ. साळी यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा उत्तर सिंधू संस्कृतीच्या थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा व खापरे निघाली. त्यांवर काय लिहिले आहे? या प्रश्नाचे सर्वमान्य उत्तर अद्याप कोणापाशीही नाही. ते का नाही, हे समजण्यासाठी दूरच्या एका लिपीची हकीकत पाहणे उपयोगी पडेल.

पूर्व तुर्कस्तानातील वान सरोवराभोवती इसवी सनापूर्वी नवव्या शतकात उरार्तूचे राज्य उदयास आले. त्याच्या राजांनी कड्याकपारींवर कीललिपीत, म्हणजे खिळ्यासारख्या खुणांच्या लिपीत, लेख कोरविले. शुल्त्स नावाच्या जर्मन पंडिताने १८२७-२८ मध्ये वान येथील लेखांच्या नकला केल्या. १८२९ साली त्याच मुलुखात त्याचा खून झाला. नकला मात्र वाचल्या आणि १८४० साली पॅरिसमध्ये छापून निघाल्या.

याच सुमारास मुंबईच्या फौजेतील रॉलिन्सन या अधिकाऱ्याने इराणातील बेहिस्तूनचा त्रैभाषिक लेख उतरवून घेतला. त्याच्या व इतरांच्या परिश्रमाने कीललिपीचे कोडे उलगडू लागले. उरार्तूंनी अक्षरे असुरियांकडून घेतलेली असल्यामुळे हिंक्स याला १८४८ साली वानच्या लेखांतील राजांची नावे ओळखता आली. पण अक्षरे लागली म्हणजे भाषा कळली असे नव्हे. ही भाषा ना संस्कृतच्या कुळातील, ना अरबीच्या.

किल्ली सापडली ती १८८० साली. ग्यार या फ्रेंच विद्वानाच्या ध्यानात आले की, पुष्कळ लेखांचा शेवट ठराविक शब्दांनी होतो आणि असुरी लेखांच्या शेवटी येणाऱ्या शापाशी तो जुळतो. हा लेख जो नष्ट करील त्याचा देव नाश करोत, असा तो आशय! आपल्याकडील गद्धेगाळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. दान मोडणाऱ्यास शाप देण्याची रीत शिलाहार-यादवांच्या काळी येथेही होती. ग्यारच्या या धाग्यावरून सेस याने १८८२ साली लेखांचे अर्थ व भाषेचे व्याकरण मांडले. पुढे केलिशिन येथील द्वैभाषिक लेखाने अनेक अर्थांची खातरजमा झाली.

दायमाबादच्या खापरांना असा जोड नाही. उरार्तूची अक्षरे ठाऊक होती, भाषा अज्ञात होती. सिंधू लिपीच्या बाबतीत दोन्ही अज्ञात. द्वैभाषिक लेख नाही, आणि बहुतेक लेख अवघ्या पाच-सहा चिन्हांचे. म्हणूनच ही लिपी वाचल्याची घोषणा कोणी केली, तर त्याने कोणता जोड दाखविला, हे आधी विचारावे.

आपल्या हाती एक काम मात्र निश्चित आहे. १९७४ साली दायमाबादचे काशाचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडले ते शास्त्रीय उत्खननाबाहेर. त्यामुळे त्यांच्या काळाविषयी आजही वाद आहे. वस्तू हाती आली, पण तिची जागा हरवली! तेव्हा नांगराच्या फाळाला लागलेले चिन्हांकित खापर घरी नेऊ नये. जागा नोंदवून पुरातत्त्व खात्यास कळवावे. वानचे कोडे शुल्त्सच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी सुटले, कारण त्याच्या नकला कोणी तरी जपून ठेवल्या होत्या.