रोपांची हजेरी

वर्गात आपण हजेरी घेतो ती कोण आले हे कळावे म्हणून, आणि त्याहूनही कोण आले नाही हे कळावे म्हणून. वनस्पतींच्या अभ्यासात ही दुसरी गोष्ट सहज निसटते. मेलेले कोवळे रोप चार दिवसांत मातीत मिसळते आणि आपण मोजतो ती फक्त उरलेली.

चार्ल्स डार्विनने १८५७ साली इंग्लंडमध्ये आपल्या घराच्या आवारात तीन फूट लांब व दोन फूट रुंद जमीन खणून साफ केली. तणाचे जे रोप उगवेल त्याला खूण करायची, एवढाच प्रयोग. ३५७ रोपे उगवली, त्यांतली २९५ नष्ट झाली; बहुतेक गोगलगायींनी आणि किड्यांनी फस्त केली. खुणा नसत्या, तर उरलेली ६२ पाहून हा संहार कोणाच्या लक्षात आला असता?

पण कोणाच्या शेजारी कोण होते, हे नुसत्या खुणांवरून उमगत नाही. अमेरिकेत नेब्रास्काच्या गवताळ प्रदेशात पाउंड आणि क्लेमेंट्स यांनी १८९८ च्या सुमारास जमिनीवर चौकोन आखून झाडे मोजली, तेव्हा नजरेचा अंदाज फसवा असतो हे त्यांना कळून चुकले. पुढे क्लेमेंट्सने एक मीटरच्या चौकोनावर दर दहा सेंटिमीटरला फिती ताणल्या आणि प्रत्येक रोप कागदावरच्या घरात मांडले. ॲरिझोनातील टूसॉन येथे स्पॉल्डिंगने १९०६ मध्ये दहा मीटरचे कायमचे चौकोन आखले. त्यांचे नकाशे शंभर वर्षांनंतरही पुन्हा काढले गेले.

शाळेत तर याहून कमी साहित्य पुरते. एक मीटर अंतरावर दोन खुंट्या पक्क्या ठोकू. त्यांच्या एकाच बाजूची रोपे घेऊ. प्रत्येक रोपाचे दोन्ही खुंट्यांपासूनचे अंतर टेपने मोजू. समजा, ते ६० आणि ८० सेंमी आले. कागदावर १० सेंमीची रेघ काढून तिच्या टोकांपासून कंपासने ६ आणि ८ सेंमीचे कंस काढले, की ते छेदतात तिथे आपले रोप! त्रिकोणाच्या तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो. भूमितीच्या तासाचा हा उपयोग. रोप रेघेच्या अगदी जवळ असेल, तर मात्र मोजण्यातली छोटी चूकही मोठी होते.

पावसाळाभर दर आठवड्याला पाहणी करू. एखादे रोप सापडले नाही, तर ते नकाशावरून खोडायचे नाही. त्यावर फुली मारून तारीख लिहायची. गैरहजरांची नोंद हाच आपला खरा निष्कर्ष.