ख्रिस्तपुराणाचे श्रोते

फादर स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाचा विचार आजवर बहुधा भाषेच्या अंगानें झाला आहे. त्यांतील मराठीच्या स्तुतीच्या ओव्या आम्हींही अनेक वर्षें वर्गांत शिकविल्या. परंतु हें पुराण कोणासाठीं रचलें, हा प्रश्न आम्हीं विद्यार्थ्यांस कधीं विचारला नाहीं; स्वतःस विचारला तोही निवृत्तीनंतर. परधर्मीयांस बाटविण्यासाठीं तें रचलें, असा सर्वसाधारण समज आहे. तो ग्रंथाच्या आरंभींच डळमळतो. त्यांतील श्रोते आधींच बाप्तिस्मा झालेले आहेत. त्यांचें मन मात्र नव्या धर्मांत रमत नव्हतें, आणि ग्रंथाची खरी निकड तीच होती.

ही निकड समजण्यास सासष्टीची स्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें. १५६७ सालीं सासष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलैंत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइट पाद्र्यांस ठार केलें, व त्याचा सूड म्हणून गांवच्या पुढाऱ्यांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून त्यांचा वध करण्यांत आला. अशा रीतीनें जे ख्रिस्ती झाले त्यांचीं घरें, भाषा, लग्नकार्यांतील गाणीं व आजीच्या तोंडच्या कथा जुन्याच राहिल्या होत्या. त्यांपैकीं कित्येक पुनः जुन्या आचाराकडे वळत. चर्चच्या दप्तरीं ते धर्मापासून ढळलेले ठरत. ते ढळले, कीं मुळांत तेथें पोंचलेच नव्हते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. आमचें मत दुसऱ्या बाजूकडे झुकतें.

स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला आणि १६१९ त मरेपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, त्याच मुलखांत राहिला. कुंकळ्ळीचा प्रकार त्याच्या समक्ष त्याच प्रांतीं घडला. त्याच वर्षीं भावास लिहिलेल्या पत्रांत त्यानें त्या पांच पाद्र्यांच्या मृत्यूची हकीकत दिली आहे, आणि येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशीं जुळते असेंही नमूद केलें आहे. सहकाऱ्यांचा असा शेवट पाहिलेल्या मनुष्याच्या लेखणींतून त्याच पत्रांत त्या लोकांच्या भाषेचा असा गौरव निघावा, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

पुराणाच्या पहिल्या अवस्वरूंत ग्रंथाची उत्पत्ति सांगितली आहे. सासष्टींत ख्रिस्ती शिकवण चालू असतां एक ब्राह्मण श्रोता पुढें होऊन पाद्रीगुरूस विचारतो, कीं तुम्हीं आमचीं पूर्वींचीं पुराणें वर्ज्य केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरीं कां करीत नाहीं? या प्रश्नांत तक्रार आहे, थोडा टोमणाही आहे. इन्क्विझिशनच्या काळांत असा प्रश्न धोक्याचाच. स्टीफन्सनें त्यास उद्धटपणा मानला नाहीं. आपल्या शिकवणींत कांहीं उणें आहे हें त्यानें ओळखलें, आणि शिष्याच्या त्या प्रश्नालाच ग्रंथाच्या दारीं बसविलें. उत्तर म्हणून दहा हजार नऊशें बासष्ट ओव्या लिहिल्या. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वरू, दुसऱ्याचे एकूणसाठ. छंद ज्ञानेश्वर-एकनाथांचा, स्वर्गास शब्द वैकुंठ. शुद्ध जुनी मराठी पुष्कळांस कळणार नाहीं म्हणून ब्राह्मणांच्या बोलींतील सोपे शब्द मिसळले, असें तो प्रस्तावनेंत सांगतो. गुरूनें शिष्याच्या पायरीवर उतरणें यापरतें निराळें काय असतें? शिक्षकी पेशांत उभा जन्म घालवून आम्हांस हें नेहमीं साधलें असें म्हणवत नाहीं.

स्टीफन्सच्या या वृत्तीचें वाजवीपेक्षां अधिक कौतुक करूं नये, हेंही खरें. पूर्वींच्या पुराणांवरील बंदी त्याला मान्यच होती. रिकाम्या केलेल्या जागेवरच त्याचा ग्रंथ उभा आहे. तरीही तुलना केल्यावांचून राहवत नाहीं. फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यानें १६२९ पासून छापलेलें मराठी पीटरपुराण खंडनमंडनांत गुंतलें आहे. पुढें १६८४ सालीं व्हाइसरॉयनें लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान काढलें, व १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यानें नवख्रिस्त्यांच्या लग्नांतील गाणीं, हळद व इतर चाली गुन्हा ठरविल्या. फर्मानांचें फलित काय झालें हें गोव्याचा इतिहास सांगतो. कोंकणी भाषा जिवंत राहिली; आणि ख्रिस्तपुराण तर गोव्याबाहेर दक्षिण कानड्यांतील कॅथलिक कुटुंबांनीं नकला करून जपलें. त्या हस्तलिखितांच्याच आधारें १९०७ त जोसेफ सालढाणा यांनीं मंगळुरास रोमन लिपींत आवृत्ति काढली.

येथें लिपीविषयीं थोडें. स्टीफन्सनें १६०८ सालीं रोमच्या आपल्या वरिष्ठास पत्र लिहून देशी अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली होती. छपाई मात्र १६१६ त रोमन लिपींतच झाली. लंडनच्या मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत जस्टिन अॅबट यांनीं उजेडांत आणिली. तींत पोर्तुगीज पारिभाषिक शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आहेत. अॅबट तीस मूळ समजत. नंतरच्या पंडितांस तें मागाहूनचें संस्करण वाटतें. आम्ही संस्कृताचे पंतोजी असल्यानें अॅबट यांच्या बाजूस ओढले जातों, हें कबूल करणें बरें. पण ओढा म्हणजे पुरावा नव्हे.

आमचे एक जुने सहकारी, येथील ख्रिस्ती गृहस्थ, वीस वर्षांत प्रार्थनेस गेले नव्हते. कारण त्यांनीं सांगितलें नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची देवनागरी आवृत्ति त्यांनीं आमच्याकडून नेली ती चार महिन्यांनीं परत आली. पीटर आपल्या गुरूस नाकारतो त्या प्रसंगाच्या ओव्यांशीं पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. दुसऱ्याच्या पुस्तकावर रेघा ओढल्याबद्दल त्यांनीं क्षमा मागितली. आम्हीं रबर दिलें नाहीं.

१६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत अद्याप हातीं लागलेली नाहीं. सावंतवाडी, बेळगांव व कारवार या बाजूंच्या घराण्यांत जुने पोर्तुगीज कागद असतात. त्यांत रोमन अक्षरांत परंतु मराठी यमकांचीं पानें दिसल्यास तीं पोर्तुगीज समजून बाजूस टाकूं नयेत. मोठ्यानें वाचून पाहावीं.