इंग्लंडमधील धर्मशिक्षण आणि प्राथमिक शिक्षकाची पदव्युत्तर तयारी : एक ऐतिहासिक मागोवा

इंग्लंडमध्ये १९४४ च्या शिक्षण कायद्याने शाळांत धर्मशिक्षण अनिवार्य केले. मात्र पाल्यास त्यातून वगळण्याचा पालकांचा हक्क मान्य केला. ख्रिस्ती संस्कार हाच त्या काळी या शिक्षणाचा प्रमुख हेतू होता.

१९६७ मध्ये निनियन स्मार्ट यांच्या नेतृत्वाखाली लँकेस्टर विद्यापीठात धर्माभ्यास विभाग स्थापन झाला. श्रद्धा रुजविण्याऐवजी धर्म समजून घेण्याची दृष्टी तेथून शाळांपर्यंत पोहोचली. १९७५ च्या बर्मिंगहॅम अभ्यासक्रमाने अनेक धर्मांना स्थान दिले. १९८८ च्या कायद्याने ख्रिस्ती परंपरेचे प्राधान्य राखून इतर प्रमुख धर्मांची दखल घेणे नव्या अभ्यासक्रमांवर बंधनकारक केले.

परिणामी शिक्षकाची जबाबदारी वाढली. तयारी मात्र तोकडीच राहिली. प्राथमिक शिक्षक बहुधा सर्वच विषय शिकवितो. पदवीनंतरच्या एक वर्षाच्या अध्यापन-प्रमाणपत्र अभ्यासक्रमात धर्मशिक्षणाच्या वाट्याला मोजकेच तास येतात. शाळा-तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडच्या २०१३ च्या अहवालानेही शिक्षकांच्या विषयज्ञानातील उणिवांवर बोट ठेवले.

भारतीय राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदानुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही. धर्मांचा अभ्यास मात्र त्यामुळे निषिद्ध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात स्पष्ट केले. उपदेश आणि अभ्यास यांतील सीमारेषा कायदा आखतो. वर्गात ती सांभाळावी लागते शिक्षकालाच. त्याच्या सखोल तयारीवाचून धर्माभ्यासाचा कोणताही अभ्यासक्रम कागदावरच राहतो, हाच इंग्लंडच्या अनुभवाचा बोध होय.